तुटलेल्या तारा : दोन

मी लिफ्ट तपासणीचा फॉर्म बोलतोय. लिफ्टमध्ये शिरल्यावर भिंतीवर प्लास्टिकच्या पाकिटात एक कागद दिसतो ना, तोच मी. तुम्ही मला शंभरदा पाहिलं असेल, वाचलं मात्र एकदाही नसेल. आज वाचा. आज माझं जरा ऐकाच.

खरं तर माझा जन्म कागदावरचा नाही, कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा. लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात एक मॅडम होत्या. त्यांनी जुना छापील फॉर्म शेजारी ठेवून एका दुपारी माझे बावीस रकाने तयार केले. दरवाजे, ब्रेक, आतला दिवा, धोक्याची घंटा आणि सतराव्या क्रमांकावर ‘दोराच्या तुटलेल्या तारा – संख्या’. लिफ्ट ज्या पोलादी दोरांवर टांगलेली असते, ते बारीक तारा वळून केलेले असतात. वापरानं एकेक तार तुटत जाते. त्या मोजायच्या आणि ठरलेल्या आकड्याच्या वर गेल्या की दोर बदलायचा, अशी रीत.

शेवटी मॅडमनी प्रत्येक रकान्यापुढे एक लाल चांदणी लावली. रकाना रिकामा राहिला तर फॉर्म पुढे जाणारच नाही, असा तिचा अर्थ. “आता बघते कोण चालढकल करतंय ते,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मलाही तेव्हा फार ऐट वाटली होती. आज त्याच चांदणीची मला लाज वाटते.

मला भरायला मिळाले तपासनीस काका. माणूस कामाला पक्का. डोळ्यांच्या एका चार मजली हॉस्पिटलची लिफ्ट त्यांच्याकडे होती. पहिल्या महिन्यात ते टॉर्च घेऊन गच्चीवरच्या मशीन रूममध्ये गेले, दोर फडक्यानं पुसला, नाक लावून वीतभर वीतभर पाहिला आणि माझ्या सतराव्या रकान्यात ‘दोन’ लिहिलं. ते दोन खरे होते. माझ्या आयुष्यातला तेवढाच एक आकडा मी मान वर करून सांगू शकतो.

संध्याकाळी घरी सही करताना मात्र त्यांची त्रेधा उडाली. मोबाइलवर बोटानं काढलेली सही त्यांनी तीनदा पुसली. “ही काय सही आहे? कोंबडी नाचून गेल्यासारखी दिसतेय!”

“बाबा, एकदा नीट काढा आणि सेव्ह करून टाका,” त्यांची लेक म्हणाली. “पुढच्या वेळी नुसतं बोट ठेवायचं.”

दुसऱ्या महिन्यात मशीन रूमची किल्ली सापडेना. हॉस्पिटलच्या मॅनेजरनी ड्रॉवर उलटेपालटे केले, वॉचमनवर ओरडून घेतलं आणि शेवटी म्हणाले, “पुढच्या खेपेला नक्की काढून ठेवतो, काका. आजचं तेवढं उरकून घ्या.”

छापील फॉर्मच्या काळात अशा वेळी काका तो रकाना मोकळा ठेवत आणि शेजारी पेन्सिलीनं लिहीत, ‘किल्ली नाही, पाहिले नाही’. त्या मोकळ्या जागेमुळे ऑफिसातून फोन जायचा आणि किल्ली सापडायची. इथे त्यांनी रकाना मोकळा ठेवला, तर मी अडलो. लाल अक्षरांत ओरडलो, ‘ही माहिती आवश्यक आहे.’ काकांनी दोनदा प्रयत्न केला. शेरा लिहायला जागा शोधली, ती मॅडमनी ठेवलीच नव्हती. मग त्यांनी सुस्कारा सोडला आणि मागचाच आकडा टाकला. दोन. मी मुकाट्यानं पुढे गेलो. खऱ्याला अडवलं आणि खोट्याला वाट दिली, ती मीच.

किल्ली पुढच्या खेपेलाही मिळाली नाही आणि त्याच्या पुढच्याही. चौथ्या महिन्यात लेकीनं त्यांना ‘प्रत काढा’ हे बटण दाखवलं. मागच्या महिन्याचा फॉर्म जसाच्या तसा उभा राहतो, फक्त तारीख बदलायची. काका हरखले. गुडघे दुखत होते, वर चढून कुलूपच बघायचं तर जायचं कशाला? तेव्हापासून ते मला घरीच, जेवणाच्या टेबलावर भरू लागले. बावीस रकाने, एक सही, आणि लिंक मॅनेजरना रवाना. मला कोणी, केव्हा आणि किती वेळ उघडलं याची नोंद माझ्या पोटात राहते. त्यानंतरच्या सहा वेळा त्यांनी मला एक मिनिटसुद्धा दिलं नाही.

नऊ महिने झाले, तारा दोनच. दिवसभर खालीवर करणाऱ्या लिफ्टच्या दोराची नऊ महिन्यांत एकही तार तुटली नाही, याचं कुणालाच नवल वाटलं नाही.

आवाज पहिल्यांदा ऐकला तो लिफ्टवाल्या मावशींनी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या लिफ्टमध्ये स्टूल टाकून बसतात. डोळ्याला पट्टी बांधलेल्या म्हाताऱ्यांना जिना चढवत नाही, म्हणून ही लिफ्ट. गेल्या आठवड्यात त्या मॅनेजरच्या केबिनमध्ये गेल्या.

“साहेब, तिसऱ्याच्या वर गेलं की करकर होतंय. आणि मध्येच एक हिसका बसतो. मी काही त्यात बसायची नाही आता.”

मॅनेजरनी त्यांच्यासमोरच काकांना फोन लावला. “काका, वर सगळं ठीक आहे ना? तुम्ही पाहिलंय ना?”

 काका घरी टेबलाशी होते, मी त्यांच्यासमोरच उघडा होतो. त्या दिवशी फॉर्म पाठवायची शेवटची तारीख होती.

“पाहिलंय की,” ते म्हणाले. “लिफ्टचे रूळ तेलाविना कोरडे पडले असतील. मी येतो एक-दोन दिवसांत.”

फोन ठेवल्यावर ते सतराव्या रकान्याकडे बघत बसले. ‘दोन’ खोडलं. रकाना रिकामा झाला, तसा मी पुन्हा लाल झालो. खरं लिहायचं तर पहिला सोडून आधीचे आठही फॉर्म खोटे ठरणार, तीस वर्षांची नोकरी जाणार. हे सगळं मला त्यांच्या रकान्यावर अडलेल्या बोटावरून कळत होतं. मी मनात म्हणत होतो, काका, मला पाठवू नका, चपला घाला आणि निघा. त्यांनी ‘दोन’ पुन्हा लिहिलं, सहीवर बोट ठेवलं आणि मला पाठवून दिलं.

मॅनेजरनी माझी प्रिंट काढली. “हे घ्या मावशी, आजचाच रिपोर्ट. सगळं ठीक आहे. लावा आत, म्हणजे लोकही घाबरणार नाहीत.”

मावशींनी मला पदरानं पुसून पाकिटात घातलं आणि स्टूल पुन्हा आत आणलं. तेव्हापासून मी इथे आहे. ती करकर आता मीही ऐकतो. परवा ती तिसऱ्या मजल्यावर व्हायची, आज दुसऱ्यावरच सुरू झाली. एक-दोन दिवस म्हणणाऱ्या काकांना आज पाच दिवस झाले.

वाचणाऱ्या माणसा, माझ्यावरची सही बघून निर्धास्त होऊ नकोस. त्या पहिल्या महिन्यानंतर वर कुणीही गेलेलं नाही. मशीन रूमच्या कुलपाला गंज चढलाय.

आत्ता एक आजोबा दारात उभे आहेत. एका डोळ्याला पट्टी, हात सुनेच्या खांद्यावर. त्यांनी वर बघून विचारलं, “बाई, हा आवाज कसला?”

मावशींनी माझ्यावर बोट ठेवलं. लहान मुलाला वाचून दाखवावं तसं वाचलं. “दोराच्या तुटलेल्या तारा, दोन. बघा आजोबा, एकेक तार मोजल्यात त्यांनी. मीपण आधी घाबरले होते. हे वाचलं आणि मगच बसले.”

“मग काय काळजी!” आजोबा हसले आणि सुनेला घेऊन आत आले.

मावशींनी दार ओढून घेतलं आणि चौथ्या मजल्याचं बटण दाबलं.