तुपाची चाल

हाज्जा इन्साफ कैरोच्या दोक्की भागातल्या त्या कार्टून स्टुडिओचे तीन जिने चढून वर आल्या, तेव्हा निर्णय आधीच झाला होता. टेबलावर रव्याच्या बसबूसाची पेटी उघडून ठेवलेली पाहूनच त्यांनी ते ओळखलं. कैरोत गोड आधी आणि गोष्ट नंतर आली, की गोष्ट कडू आहे असं समजावं.

"या हाज्जा, बसा!" निर्माता बहगत खुर्ची ओढत म्हणाला. "तुमच्या हुदहुदचं नशीब फळफळलं. झिझो शम्स हो म्हणाला!"

"कशाला?"

"संगीताला! आणखी कशाला?"

"मला वाटलं, कुणाच्या लग्नाला. लग्नात तो बरा वाजतो. तिथे कोणी ऐकत नसतं."

चित्रं काढणारी इंजी खाली मान घालून हसली.

हुदहुद पक्ष्याच्या गोष्टीतली ती अकरा गाणी हाज्जांनी चाळीस वर्षांपूर्वी रेडिओवरच्या मुलांच्या कार्यक्रमासाठी लिहिली होती. पुढे कुणा हुशार साहेबाने त्याच फितींवर फुटबॉलचं समालोचन भरलं. चाली गेल्या, गाणारे गेले. उरले ते बिस्किटांच्या डब्यातले कागद. पुन्हा ते शब्द कुणा लेकराच्या तोंडी यायचे, तर हा सिनेमा ही एकच वाट होती आणि हाज्जांचं एकोणऐंशीवं वर्ष सरत आलं होतं. संगीतकार त्यांच्या सहीशिवाय ठरायचा नाही, असं कलम करारात होतं. बहगतने ते हसत हसत घातलं होतं. म्हातारी काय, दाखवू तिथे सही करील!

"चार कोटी लोकांनी पाहिलीत त्याची गाणी," बहगत म्हणाला.

"गाणी पाहायची, तर कानांचं काय करायचं? नुसता चष्मा अडकवायचा?"

"म्हणजे तुम्हाला ती मार्सेलच हवी. शुब्राच्या शाळेत पोरांना गाणं शिकवणारी बाई! पोस्टरवर तिचं नाव कोण वाचणार?"

"ज्यांना अजून वाचता येत नाही त्यांच्यासाठी सिनेमा काढतोयस ना रे?"

इंजीने हळूच तोंड घातलं. "हाज्जा, आमच्यात आधी गाणं येतं, मग त्या तालावर मी चोच हलवते. पाच महिने झाले, माझा हुदहुद तोंड मिटून बसलाय. मला आता कुणीही चालेल."

हे मात्र हाज्जांना लागलं. ती संधी साधून बहगतने झिझोचं गाणं लावलं.

वाळवंटात वाट चुकलेला, तहानेने व्याकूळ पक्षी पाण्याला हाका मारतो, असं ते गाणं. झिझोने पहिल्या हाकेलाच ढोल बडवला होता. पाठोपाठ टाळ्या, शिट्ट्या. पाणी शोधणाऱ्या पक्ष्याला जणू लॉटरी लागली होती. हाज्जांच्या काळी अशा गाण्याला वादक साज पिशवीत घालून निघून जात. आता साजही नाहीत आणि पिशव्याही नाहीत. एक माणूस आणि एक यंत्र, आणि त्यातला शहाणा कोण ते सांगणं कठीण.

"रेडिओवर आमची एक रीत होती," त्या म्हणाल्या. "मुलांचं नवं गाणं चहावाल्यासमोर एकदा वाजवायचं. ग्लास न्यायला आल्यावर तो गुणगुणला, तर गाणं पास."

"ठरलं!" बहगतने हाक मारली. "मितवल्ली! चहा आण!"

मितवल्ली चहा घेऊन आला, गाणं पुन्हा वाजलं. थोड्या वेळाने तो ग्लास गोळा करायला आला आणि खरंच गुणगुणू लागला. बहगतने टेबलावर थाप मारली. "पास! तुमच्याच रीतीने पास, हाज्जा! काढा पेन."

हाज्जांनी पेन काढलं नाही. "मितवल्ली, बाळा, जरा शब्दांसकट म्हण."

मितवल्ली लाजला, मग गळा मोकळा सोडून गायला, "तीन रांजण, तीन रांजण, आईच्या हाताला तुपाचा वास…"

इंजी आणि बहगत दोघांनी त्याच्याकडे वळून पाहिलं.

"मागच्या रमजानातली 'तीन रांजण' तुपाची जाहिरात हो," तो म्हणाला. "रोजा सोडायची तोफ वाजली की लगेच लागायची. बायको अजून भांडी घासताना म्हणते. तुम्ही तेच वाजवत होता ना?"

"पाहिलंस?" हाज्जा म्हणाल्या. "माझा पक्षी पाण्यावाचून मरतोय आणि तुझा झिझो त्याला तूप पाजतोय."

बहगत क्षणभर ओशाळला, पण लगेच सावरला. "उलट बरंच झालं! आधीच लोकांच्या ओठांवर आहे."

हाज्जांना कळलं, सुरांचं बोलणं इथे संपलं. ज्याला कानच नाहीत त्याच्याशी कानगोष्टी कसल्या! त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं, "तूपवाल्यांना विचारलंस ना?"

"त्यांचा काय संबंध?"

"त्यांनी ती चाल विकत घेतली असेल. आमच्याकडे एकदा एका नाटिकेत साबणाच्या जाहिरातीची चाल वाजली होती. साबणवाल्यांचा वकील आठवडाभर दाराशी बसला होता. चहाही आमचाच प्यायचा."

बहगतचा चेहरा उतरला. त्याने झिझोला फोन लावला. "अरे हबीबी," फोनमधून आवाज आला, "दोन सूर इकडचे तिकडे करतो! कुणाला कळतंय?"

"मितवल्लीला कळलं," बहगत म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. मग तो हाज्जांकडे वळला. "त्या मार्सेलबाईंचा नंबर आहे का हो?"

हाज्जांना तो पाठ होता. चाळीस वर्षं जपलेल्या कानाने जे झालं नाही, ते तुपाच्या वकिलाने न येताच करून दाखवलं. याचा आनंद मानावा की लाज, हे काही त्यांना ठरवता आलं नाही. त्यांनी नंबर सांगितला, एकेक आकडा सावकाश.

"म्हणजे आता चोच उघडेल ना?" इंजीने विचारलं.

"उघडेल. आणि पाणीच मागेल."

मग त्यांनी बसबूसाचा एक तुकडा उचलला, कोपरा चाखला आणि परत पेटीत ठेवला.

"डालडा," त्या म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या.