परतीचा डबा

डब्लिनच्या मध्यभागी, बागेसमोरच्या त्या दोनशे वर्षांच्या हॉटेलात दोन रात्री राहण्याचा योग शिरीषला आला, तो रणजितने परत केलेल्या एका स्टीलच्या डब्यामुळे. म्हणूनच तेथील एकही झुंबर त्याला निर्मळ मनाने पाहता आले नाही.

डब्याचा इतिहास साधा होता. शिरीषची पत्नी चित्रा आणि रणजित हे पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातले सहाध्यायी, आणि पुढे लिमरिकला एकाच रुग्णालयात डॉक्टर. करोनाच्या पहिल्या लाटेत रणजितची पत्नी सरिता पुण्यातच अडकली, तेव्हा चित्राने त्याला डबाभर चकल्या नेऊन दिल्या. भरून आलेला डबा रिकामा परत करू नये, हा संस्कार दोघांचाही पक्का. डबा सफरचंदे घेऊन परतला, लाडू घेऊन गेला, केक घेऊन आला, आणि वर्षभर ही ये-जा थांबली नाही. पुढे रणजितने डब्लिनला नवी नोकरी धरली. निघताना त्याने परत केलेल्या डब्यात या हॉटेलचे आरक्षण होते. केले होते सरितासाठी. तिचा प्रवास पुन्हा रद्द झाला होता.

शिरीषचे दुःख असे की त्या डब्यातला प्रत्येक लाडू त्याने स्वतः वळला होता. वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यातला हा इंजिनिअर घरून काम करी, स्वयंपाक करी आणि चित्राची वाट पाही. जानेवारीत रुग्णालय ओसंडून वाहू लागले, तेव्हा ती घरी येऊन एकच शब्द बोले.

"कसा गेला दिवस?"

"ग्रँड."

'ठीक आहे' एवढ्याच अर्थाने आयरिश माणसाने पावसापाण्यावर बोलताना वापरावा असा तो शब्द. त्यात दिवसही नसे आणि ती स्वतःही नसे. मग खोलीचे दार लोटून ती रणजितशी फोनवर तासभर मराठीत बोले, कधी हसेही. शिरीषला अनीतीचा संशय नव्हता. तसा असता तर निदान वाद घालता आला असता. आपल्या हक्काची वाक्ये दुसऱ्याला मिळतात, एवढीच त्याची तक्रार होती, आणि ती कोणत्याही न्यायालयात टिकणारी नव्हती.

"खोली काय सुरेख निवडलीय ना रणजितने!" पहिल्याच संध्याकाळी चित्रा म्हणाली होती.

"उशाही त्यानेच निवडल्या का?"

"हो, आणि तुझ्या डोक्याच्या मापाने कडक निवडल्या."

रविवारी न्याहारीच्या टेबलावर तिने विचारले, "बारा वाजता येतोय तो. करोनामुळे आत फक्त राहणाऱ्यांनाच सोडतात, म्हणून पायऱ्यांवरच भेटायचंय. डब्यात काय आणलंयस?"

"काही नाही. स्वच्छ घासून, पुसून, झाकण लावून आणला आहे."

"रिकामा? अरे शिरीष!"

"तर्काने पाहा. प्रत्येक डबा पुढच्या डब्याला जन्म देणार असेल, तर याला अंत कुठे? कोणीतरी थांबायलाच हवं."

"आणि ते तू ठरवणार?"

"लाडू मी वळायचे, तर ठरवायचंही मीच."

चित्राने टोस्टवरचे लोणी पार कडेपर्यंत पसरले. "ज्याने बायकोसाठी घेतलेली खोली आपल्याला दिली, त्याच्या हातात रिकामा डबा मी देणार नाही. तूच दे." आणि वर जाऊन ती झोपली.

शिरीष तिथेच बसून राहिला. समोर चांदीच्या भांड्यात साखरेचे चौकोनी खडे होते. डब्यात घालायला काहीच नसेल, तेव्हा त्याची आई चिमूटभर साखर घालत असे. साखरेने रीत पाळली जाईल आणि व्यवहारही मिटेल, असा निवाडा करून त्याने वाढप्याला विचारले आणि मूठभर खडे डब्यात टाकले.

रणजित पायऱ्यांशी उभा होता. मास्कवरचे डोळे खोल गेलेले.

"चित्री कुठाय?"

हे नाव उच्चारण्याचे धाडस शिरीषने कधी केले नव्हते. "झोपली आहे."

"झोपू दे. उठवू नका." त्याने डबा हलवला, झाकण काढले. "नुसती साखर? शिरीषराव, रागावलात!"

"असं का वाटलं?"

"डबा तुम्ही भरता, हे पहिल्या चकलीपासून ठाऊक आहे मला. वाद हरलात की चकलीत तिखट जास्त, जिंकलात की लाडवात बेदाणे. वॉर्डातलं काही बोलवत नव्हतं हो आम्हाला. मग तासभर ती तुमच्याबद्दल सांगायची, आणि हसायचो दोघं."

शिरीषचा मत्सर शमला नाही, त्याने फक्त जागा बदलली. स्वतःविषयीची सारी वाक्येसुद्धा याच माणसाच्या पदरात पडली होती!

रणजितने एक खडा तोंडात टाकला, उरलेले रेनकोटच्या खिशात ओतले आणि डबा पुढे केला. "घ्या. रिकामाच देतोय. घरच्या माणसांत चालतं. पुढच्या लाडवांचं बेसन जरा कमी रागाने भाजा."

शिरीष खोलीत आला तेव्हा चित्रा जागी होती.

"काय म्हणाला रणजित?"

"ग्रँड," शिरीष म्हणाला.

ती उठून बसली. "हे काय? नीट सांग ना!"

त्याने डबा तिच्या उशाशी ठेवला आणि खुर्ची पलंगाजवळ ओढली. "आधी तू सांग. जानेवारीपासून."

चित्राने झाकण उघडून पाहिले. आत काहीच नव्हते. तिने डबा मांडीवर घेतला.

"चहा मागव," ती म्हणाली. "वेळ लागेल."