हेस्टर लुंडक्विस्टची नजर

मूकपटात नटीचे डोळे हीच तिची वाणी असते, असं हॉलिवुडात आम्ही सगळे गंभीर चेहऱ्याने म्हणत असू. हेस्टर लुंडक्विस्टला ही वाणी नव्हती. तिचे डोळे इतके फिके निळे होते की त्या काळच्या फिल्मवर ते पांढरेच उमटत. त्या फिल्मला निळं दिसतच नसे. आमचं आकाशही कायम पांढरं असायचं, पण आकाशाला कोणी नायिका करणार नव्हतं.

म्हणून मिनेसोटाहून आलेल्या या मुलीला आंधळ्यांची कामं मिळू लागली. आंधळी विधवा, आंधळी राजकन्या, आगीत सापडलेली आंधळी शिक्षिका. कामाला तोटा नव्हता. समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायचं, दार चाचपायचं, शेवटी बहुधा मरायचं. हेस्टरचं मागणं एवढंच, की एकदा तरी पडद्यावर समोरच्या माणसाकडे बघायला मिळावं.

"नवी फिल्म येतेय," आमचे दिग्दर्शक क्रेनशॉ दर नाताळला तिला सांगत. "तिला निळं दिसतं म्हणे. आली की पहिली तू."

"मागच्या नाताळलाही मीच पहिली होते, साहेब."

"मग? नंबर गेलाय का तुझा?"

फिल्म खरंच आली. क्रेनशॉंनी शब्द पाळला याचं सगळ्यांना आश्चर्य वाटलं, त्यांना स्वतःला सर्वांत जास्त. हेस्टरची चाचणी ठरली. प्रसंग साधा होता. नवरा युद्धावरून परततो, बायको त्याच्याकडे बघते. नवरा होता लायनेल प्रुइट. त्याच्याकडे बघत राहायचा अर्ध्या अमेरिकेला सराव होता.

कॅमेरा फिरू लागला.

"बघ त्याच्याकडे!" क्रेनशॉ ओरडले. मूकपटात ओरडायला हरकत नसते.

"बघतेय की."

"त्याच्याकडे गं बाई! कानाकडे काय बघतेस?"

"कान माझा चांगलाच आहे," लायनेल म्हणाला, "पण मी जरा अलीकडे उभा आहे, हेस्टर."

हेस्टरने मान वळवली, सवयीने हात पुढे केला आणि त्याचा चेहरा चाचपला. कोणी हसलं नाही. चाचणी तिथेच थांबली.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती पडद्यावर पाहिली. डोळे सुरेख आले होते. बुबुळं, पापण्या, सगळं जागच्या जागी. आणि बाई ठार आंधळी दिसत होती.

"मग आंधळीचंच काम द्या," हेस्टर म्हणाली. रडली नाही, चिडली नाही. दुकानात दुसरा रंग दाखवा म्हणावं, तसं म्हणाली.

"ते आता कसं जमणार?" क्रेनशॉ म्हणाले. "आता सगळं नव्या फिल्मवर, आणि लोकांना आंधळीचे डोळे पांढरे लागतात."

"कोण म्हणतं?"

"सवय तूच लावलीस ना!"

"बरं," ती म्हणाली. हातमोजे घातले आणि ट्रामने घरी गेली.

हेस्टरचे डोळे दिसतात अशी फिल्म तेवढीच. फिल्मवरच्या लेपात चांदी असते; चाचण्यांचे तुकडे स्टुडिओ ती काढायला पाठवत असे, तसा तोही गेला. नव्या फिल्ममध्ये चांदी जुन्याइतकीच निघते.