बसा, सूनबाई

कार्यालयात खुर्ची रिकामी दिसली की आपण जे समजायचं ते समजतो आणि उद्या येतो. इतक्या वर्षांनी त्याचं कुणाला वाईटही वाटत नाही. पण तिसगावजवळच्या एका दूध संस्थेत गेल्या उन्हाळ्यात निराळाच प्रकार चालू होता. पशुखाद्याच्या खिडकीमागची खुर्ची रिकामी असायची आणि कर्मचारी मात्र जागेवर हजर! पुष्पावतीबाई खुर्चीशेजारी उभ्या असायच्या. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि वाकून एका बोटाने संगणकात सभासदाचं नाव शोधणं चाललेलं.

पुष्पावतीबाईंना नोकरी लागली ती चव्वेचाळिसाव्या वर्षी, जेव्हा इतर बायका सून बघायला लागतात. नवरा बन्सी संस्थेच्या दुधाच्या टँकरवर चालक होता. आदल्या वर्षी काविळीचं निमित्त झालं आणि तो गेला. संस्थेने माणुसकी दाखवून बाईंना कामावर घेतलं. बारावी झाली होती, पण ती लग्नाआधी. त्यानंतर वाचायला मिळाल्या त्या लग्नपत्रिका आणि औषधाच्या बाटल्या. मुलगी ज्ञानेश्वरी नगरला नर्सिंग शिकत होती. तिचं शिक्षण, घरातली म्हातारी सासू चांगुणाबाई आणि दारातली एक गाय, असा सगळा संसार आता त्या खिडकीवर येऊन टेकला होता.

काम तसं सोपं होतं. सभासद आला की त्याचं नाव संगणकात शोधायचं, पेंडीच्या गोण्यांची चिठ्ठी काढायची, खिडकीतून नाव पुकारायचं आणि चिठ्ठी द्यायची. शेजारच्या टेबलावरच्या अफ्रीनने त्यांना सगळं शिकवलं. मुलगी त्यांच्यापेक्षा निम्म्या वयाची, पण एकच गोष्ट दहादा विचारली तरी कपाळाला आठी नाही. बाईंनीही रात्री घरी पोळपाटावर बोटं आपटून सराव केला. संगणक शरण आला.

अडचण आली ती सभासदांची. संस्थेचे सभासद बहुतेक बाईंच्या सासरच्या वाडीचे. वाडीतले निम्मे पुरुष त्यांचे नात्याने सासरे लागत आणि उरलेले थोरले दीर. वाडीची रीत अशी की वडीलधाऱ्यांसमोर सुनेने खुर्चीवर बसायचं नाही आणि त्यांचं नाव तोंडातून काढायचं नाही. ही रीत ज्यांनी घालून दिली, त्यांना पेंडीच्या खिडकीची कल्पना नव्हती. त्यामुळे माणूस दिसला की बाई उठायच्या. तो गेला की बसायला वाकायच्या, तेवढ्यात दुसरा यायचा. शेवटी त्यांनी बसायचं सोडूनच दिलं.

नावांचं काय करायचं, हा प्रश्नही त्यांनी आपल्या परीने सोडवला होता. त्या पुकारायच्या, "विहिरीवरचे मामंजी!" "पांढऱ्या बैलाचे भावजी!" रांगेतली माणसं हसायची, पण ज्याची त्याला ओळख पटायची. एका सभासदाचं नाव मात्र बन्सीच होतं. नवऱ्याचं नाव बाईंनी आयुष्यात घेतलं ते फक्त उखाण्यात. तो सभासद आला की बाई नुसती चिठ्ठी हलवायच्या, आणि बिचाऱ्याला ते कळेपर्यंत दोन जण पुढे जायचे.

अफ्रीन म्हणाली, "मावशी, आमची अम्मीसुद्धा अब्बांचं नाव घेत नाही. पण अम्मी खिडकीवर नाही ना बसत!"

मग व्हायचं ते झालंच. वाटपाच्या दिवशी गर्दी होती. बाईंनी चिठ्ठी काढली आणि पुकारलं, "वडाजवळचे मामंजी!" वाडीत वडाजवळ दोन घरं. एक सूर्यभानरावांचं, एक रंभाजींचं. चिठ्ठी होती सूर्यभानरावांची. ते बाहेर पान खात उभे होते. रंभाजींनी चष्मा घरी ठेवलेला. आपलीच हाक समजून त्यांनी चिठ्ठी घेतली, गोण्या टेम्पोत टाकल्या आणि गेले. घोळ लक्षात येईपर्यंत रंभाजींच्या म्हशींनी एक गोणी संपवलीसुद्धा. म्हशींकडे खुलासा मागण्याची सोय नव्हती.

सूर्यभानराव म्हणजे वाडीतले थोर. कुठल्या सुनेचा पदर किती सरकला याची त्यांना खडानखडा माहिती. ते तडक व्यवस्थापक नितीन यांच्या खोलीत गेले आणि म्हणाले की असली बाई खिडकीवर नको. नितीनसाहेब वयाने बाईंपेक्षा लहान आणि माणूस भला. त्यांनी बाईंना बोलावून हळूच सांगितलं, की पुढच्या वाटपाला पुन्हा असं झालं तर त्यांना खिडकीवर ठेवता येणार नाही. कॅन धुण्याचं काम देता येईल, पण तिथला पगार निम्माच.

बाई घरी आल्या आणि चुलीपुढे बसून राहिल्या. चांगुणाबाईंनी विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "आत्याबाई, मी कॅनच धुते. ज्ञानेश्वरीला आणू माघारी. मला काय ते खुर्चीचं जमत नाही."

चांगुणाबाईंनी नुसतं ऐकलं. सत्तरी ओलांडलेली ही म्हातारी एरवी बोलायची फार. त्या रात्री गप्प राहिली, म्हणजे काहीतरी शिजत होतं.

पुढच्या वाटपाचा दिवस उजाडला. रांग लागली. रांगेत पहिल्याच क्रमांकाला सूर्यभानराव, हात मागे बांधून, जणू परीक्षा घ्यायलाच आलेले. बाई पदर सावरून खुर्चीशेजारी उभ्याच होत्या, तोच काठी टेकत चांगुणाबाई आत आल्या. सूर्यभानराव त्यांचे थोरले चुलत दीर. लग्न होऊन या घरात आल्यापासून म्हातारी त्यांच्यापुढे कधी बसली नव्हती. समोरून ते आले तर ती भिंतीकडे तोंड करायची. भिंत नसेल तर झाडाकडे.

त्या चांगुणाबाईंनी अभ्यागतांसाठी ठेवलेली प्लास्टिकची खुर्ची ओढली, बरोबर सूर्यभानरावांसमोर मांडली आणि तीत बसल्या. मग डोक्यावरचा पदर तसाच ठेवून स्वच्छ आवाजात म्हणाल्या,

"सूर्यभान भावजी, तुमाला एक इचारायचंय."

सूर्यभानरावांनी मागे वळून पाहिलं. आपलं नाव कुणी दुसऱ्यानेच घेतलं असावं, अशी त्यांची समजूत झाली.

"तुमची सीमा एष्टीत कंडक्टर हाय ना?"

"हाय की," सूर्यभानराव म्हणाले. लेकीचा विषय निघाला की त्यांचा आवाज आपोआप मोठा व्हायचा. "शेवगाव डेपोला हाय. सायबलोक नाव घेत्यात तिचं."

"तिच्या सासरचं मानूस गाडीत चढलं, की ती पदर घिऊन कोपऱ्यात उभी ऱ्हाती का?"

"कोपऱ्यात उभी राहून कसं चालंल? तिकिटं कोन फाडंल?"

"आन् सासरा चढला तर?"

"सासऱ्यालाबी तिकीट घ्यावंच लागतंय. मागं एकदा घेत नव्हता, तर तिनं त्याला खाली उतरीवला!" हे सांगताना सूर्यभानरावांनी मिशीवर हात फिरवत रांगेकडे अभिमानाने पाहिलं. रांग हसली. हसू संपता संपता आपण काय बोललो हे त्यांच्याही ध्यानात आलं असावं, कारण मिशीवरचा हात तिथेच थांबला.

चांगुणाबाईंचा आवाज आता खाली आला. "भावजी, तुमची लेक ती लेक. ही माझी लेकच हाय. माझा बन्सी गेला, आता हिच्याच हातानं मी जेवती. ही उभी ऱ्हायली म्हनून तुमचा मान वाडला का? तुमचं नाव घेतलं न्हाई, तर पेंड गेली रंभाजीच्या म्हशीला. आसला मान मी बी आयुष्यभर दिला. त्यानं कुनाचं काय भलं झालं, ते मला काय दिसलं न्हाई."

रांगेतून रंभाजी मात्र कुरकुरले, की त्यांच्या म्हशींचं भलं झालं. पण त्यांना कुणी बोलू दिलं नाही.

सूर्यभानराव हट्टी होते, पण खोटे नव्हते. मग ते खिडकीपाशी गेले, घसा खाकरला, आणि आत न पाहता म्हणाले,

"सूनबाई, बसा तुमी."

पुष्पावतीबाई बसल्या. आधी काठावर, मग जराशा मागे, मग पाठ टेकून. संगणक बरोबर डोळ्यांसमोर आला. वाकून काम करणाऱ्याला हे सुख सांगून कळायचं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी नाव शोधलं, चिठ्ठी काढली आणि पुकारलं. पहिल्यांदा आवाज फुटला नाही. दुसऱ्यांदा फुटला.

"सूर्यभान विठोबा!"

"हजर!" सूर्यभानराव शाळेतल्यासारखे ओरडले आणि स्वतःच लाजले. समोर उभं राहून हाक मारून घ्यायला वाईट वाटत नाही, हे त्यांना या वयात कळलं.

रांग सरसर पुढे सरकू लागली. काही वेळाने बाईंचा हात एका चिठ्ठीवर थबकला. अफ्रीनने वाकून पाहिलं आणि स्वतःचा पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. चांगुणाबाईंनीही ते ओळखलं. त्यांनी सुनेकडे पाहून नुसती मान हलवली.

"बन्सी..." बाई म्हणाल्या. मग नीट, खिडकीबाहेर ऐकू जाईल असं, "बन्सी!"

"आलो, आलो," म्हणत तो सभासद घाईघाईने पुढे आला.

बाईंनी त्याला चिठ्ठी दिली आणि तो जाईपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिल्या. तो मनुष्य आपल्याला एवढा मान का मिळतो आहे या विचारात बाहेर गेला.

त्या संध्याकाळी नितीनसाहेबांनी कॅन धुण्याचा विषय काढला नाही. घरी गेल्यावर पुष्पावतीबाईंनी, आजवर फक्त पुरुष पाहुण्यांसाठी काढली जाणारी खुर्ची माळ्यावरून उतरवली, पुसली, अंगणात ठेवली आणि सासूला तीत बसवलं. स्वतः पायाशी बसून त्यांचे गुडघे चेपू लागल्या. "आत्याबाई, तुमचे उपकार..." एवढंच म्हणाल्या.

"उपकार कसले? एकदा बसले तर पाठीला लई बरं वाटलं," चांगुणाबाई म्हणाल्या. "एवडी वर्सं उगंच उभी ऱ्हायले."

मंडळी, आपल्यापैकी कुणाच्या घरातली सून, बहीण, आई, केस पिकता पिकता पहिल्यांदा कामाला निघाली असेल. तिला संगणक शिकवणारं कुणीतरी भेटेल; जगात अफ्रीनसारख्या मुली आहेत, त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. पण ती खुर्चीत निवांत बसेल की नाही, हे आपल्या हातात आहे. लेकीच्या नोकरीचा अभिमान सांगताना सुनेला उभं ठेवणारी रीत मोडीत काढायला पैसा लागत नाही आणि ठरावही लागत नाही. दारात आलेल्या परक्यालाही आपण पहिल्यांदा 'बसा' म्हणतो. तेवढं घरच्या माणसालाही म्हणावं. आणि आपलं नाव पुकारलं गेलं, की न लाजता 'हजर' म्हणावं!