चौरंगावरचा पंच

नागपूरच्या बेसा भागातल्या बॅडमिंटन हॉलमध्ये त्या दिवशी खेळ बघायला कोणी आलंच नव्हतं. सगळे यंत्र बघायला आले होते. कोर्टाच्या कडेला स्टँडवर कॅमेरा, त्याला झेंडूचा हार, वर कुंकवाचं बोट. सर्व्ह करताना शटल जमिनीपासून एक मीटर पंधरा सेंटीमीटरच्या वर असलं की लाल दिवा लागायचा, म्हणजे फॉल्ट. दिवा लागला की टाळ्या. सर्व्ह तपासायचं हेच काम मी शाळेतलं विज्ञान शिकवून उरलेल्या वेळात वीस वर्षं खुर्चीवर बसून केलं. आता मला प्रेक्षकांत बसवलं होतं.

यंत्र विकणारा दुर्गेश माईक सोडत नव्हता. "हे एआय आहे भाऊ. याले ना नातेवाईक, ना मोतीबिंदू. सोताच शिकते, सोताच समजते. माणूस चुकन, हे नाही चुकणार." मोतीबिंदू म्हणताना तो माझ्याकडे बघत होता.

दुपारपर्यंत साठेक वेळा दिवा लागला. पोरं उकिडवी बसल्यासारखी सर्व्ह करू लागली. लोक म्हणत होते, बघा, इतकी वर्षं किती चोऱ्या खपल्या! सगळं नागपूर एका रात्रीत चोर झालं का, हे कोणी विचारेना.

मग काजल आली. बुटीबोरीच्या गिरणीतल्या कामगाराची मुलगी. हा सामना जिंकली असती तर विदर्भाच्या संघात होती. तिची कमरेजवळची छोटी सर्व्ह मला पाठ आहे. सात वेळा दिवा लागला. समोरची मुलगी गुडघ्याजवळून उंच सर्व्ह मारायची, तिला काही झालं नाही. शेवटी काजल शटलऐवजी दिव्याकडेच बघून सर्व्ह करू लागली, आणि ती हरली.

माझं डोकं फिरलं. पिशवीतली घडीची मापाची काठी कोर्टवर उभी केली आणि शटल बरोबर एक मीटरच्या खुणेवर धरलं. लाल दिवा.

मी विचारलं, यंत्राला उंचीचं माप कधी बसवलं? काल, पूजेनंतर, दुर्गेश म्हणाला. तेव्हा स्टँड कशावर होता? संघटनेचे अध्यक्ष मनोहरराव यांनीच सांगितलं की चौरंगावर होता, आणि पूजेचा चौरंग बुटांच्या पायांत नको म्हणून सकाळी त्यांनी तो उचलून घरी पाठवला.

चौरंग वीतभर उंच. कॅमेरा वीतभर खाली आला, त्याची एक मीटर पंधराची रेघही तेवढीच खाली आली. मी हॉलच्या कार्यालयातली पुस्तकं आणून स्टँडखाली वीतभर रचली. शटल पुन्हा एक मीटरवर धरलं, दिवा लागला नाही. एक मीटर पंधराच्या वर नेलं, दिवा लागला. झाला चमत्कार.

"सकाळी एकदा मोजलं काहून नाही?" मी विचारलं.

"मॅडम, सगळ्यांसमोर मोजत बसलो असतो तं लोकायचा मशीनवर विश्वास कसा बसला असता?"

मनोहरराव हात जोडून म्हणाले, "आसन हललं म्हणून कोप झाला. उद्या परत पूजा घालू." आणि निकाल? मशीनचा निकाल अंतिम, असं पत्रकात छापलं होतं. मी कपाळावर हात मारून घेतला.

काजल जवळ आली. "मॅडम, मले वाटलं माझाच हात बिघडला."

"सातही वेळा तू बरोबर होतीस गं," मी म्हटलं.

संध्याकाळी संघाची यादी लागली. तिचं नाव नव्हतं.

यंत्र आणा, जरूर आणा. माझे डोळेही चुकतात. पण माझ्याशी तुम्ही भांडत होता, त्याला मात्र हात जोडले. हात जोडण्याआधी मोजून बघा. अर्धं मिनिट लागतं.