क्रॉसिंगपुरती गोष्ट

आपली गाडी उशिरा यावी असं वाटणारा त्या स्टेशनवर मी एकटाच प्रवासी असेन.

दौलताबादच्या पलीकडे लाइन डोंगराला वळसा घालून चढते, तिथं ते स्टेशन आहे. नाव लिहीत नाही. माझ्यामुळे तिथल्या कुणाला त्रास नको. एक फलाट, एक नळ, दोन कडुनिंब. सकाळच्या पॅसेंजरनं मी शहरातून तिथं जायचो आणि सव्वातीनच्या पॅसेंजरनं परतायचो. मधल्या वेळात बाकावर बसून वहीत लिहायचो. पत्नी गेल्यापासून घरी लिहिणं जमत नव्हतं. घर इतकं शांत असायचं की लिहिलेलं खोडतानाचा पेनचा आवाजही मोठा वाटायचा.

चौतीस वर्षं मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. दुसऱ्यांच्या पुस्तकांवर शिक्के मारले. आपणही काही लिहितो हे कुणाला सांगितलं नाही. सांगण्याजोगं ते आहे की नाही, हे आजही मला ठरवता येत नाही.

लाइन तेव्हा एकेरी होती. समोरून माझी पॅसेंजर येणार असली की चढावरून मनमाडकडे निघालेल्या मालगाडीला इथं बाजूच्या रुळावर घेत. याला क्रॉसिंग म्हणतात. मालगाडीला वेळापत्रक नसतं, त्यामुळे थांबायचं तिनंच. पन्नासेक रिकामे टँकर आणि सगळ्यात शेवटी गार्डचा डबा. तो डबा नेमका माझ्या बाकासमोर यायचा.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी त्या डब्याच्या ओट्यावरून आवाज आला, "काय लिहिता सर? आमची कंप्लेंट?"

मी दचकलो. "नाही, नाही. एका पुस्तकातलं उतरवून घेतोय."

हे मी का बोललो, कळत नाही. खरं सांगायलाही एवढंच लहान वाक्य पुरलं असतं.

"कसलं पुस्तक?"

"गोष्टीचं."

"मग सांगा की. सहा तास झाले, माणसाचा आवाज नाय. ड्रायव्हर वॉकीटॉकीवर नुसता ओके म्हणतो. त्याच्याशी काय बोलणार?"

ते फारूखभाई. राहणार पूर्णेचे, वय पन्नाशीच्या आसपास. "आता गार्ड नाय म्हणायचं सर, ट्रेन मॅनेजर म्हणायचं," त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. "नाव मॅनेजर, आणि पंखा पण नाय डब्यात."

मी गोष्ट सांगू लागलो. गंगापुरातल्या दोन बहिणी, थोरली केसरबाई आणि धाकटी मनकर्णाबाई. एका भिंतीच्या दोन बाजूंना राहतात आणि अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. पॅसेंजरचा सिग्नल पडला की मी थांबायचो. आठवड्यातून एकदा, क्वचित दोनदा फारूखभाईंची गाडी असायची. पॅसेंजर दहा मिनिटं उशिरा असली तर एक प्रसंग व्हायचा. चाळीस मिनिटं असली तर मला सणासारखं वाटायचं.

ते थोरलीवर फार चिडत. "अक्कलच नाय त्या बाईला! सख्खी बहीण तापानं फणफणली, आन ही भिंतीपलीकडं भाकऱ्या थापती?"

एकदा त्यांनी मला अडवलं. "सर, एक सांगू? अकरा वर्षांत एकीची शेळी दुसरीच्या दारात गेली नाय? पटत नाय मला."

त्या रात्री मी शेळी लिहिली. पुढच्या खेपेला म्हणालो, "मागच्या वेळी एक पान राहून गेलं होतं." शेळी भिंत चढून धाकटीच्या अंगणात उतरली, तसं त्यांनी मांडीवर थाप मारली. "बघा! लेखकाला पण कळतंय!"

मी मान खाली घातली. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण वाटलं, पुस्तक छापलेलं आहे म्हणून हे ऐकतात. एका म्हाताऱ्याच्या वहीतलं कोण ऐकेल?

मग एका गुरुवारी सर्जेराव बाकाशी आले. ते तिथले पॉइंट्समन. रुळांचे सांधे आणि झेंडे त्यांच्याकडे. मला ते मास्तर म्हणत. "मास्तर, सोमवारपासून दुसरी लाइन चालू. क्रॉसिंगची कटकट गेली. मालगाडी आता इथं थांबायची नाय, सरळ निघून जाईल."

"छान झालं," मी म्हणालो. "लोकांचा वेळ वाचेल."

शनिवारी फारूखभाईंची गाडी लागली. घरून निघताना मी ठरवलं होतं, आज सांगायचं. वाक्यसुद्धा तयार केलं होतं. पण त्या दिवशी पॅसेंजर अगदी वेळेवर होती.

"सर, ऐकलं ना? आता थांबणं नाय," ते ओट्यावरून वाकून म्हणाले. "पुस्तकाचं नाव तेवढं सांगा. आमची पोरगी निलोफर मोबाइलवरून मागवते. तिला पण सांगितलीय मी शेळीपर्यंत."

"बाजारात मिळत नाही ते."

"मग तुमची प्रत द्या. वाचून परत करतो, अल्लाकसम."

"माझ्याकडे शेवटची पानं नाहीत."

हे मात्र खरं होतं. ती मी लिहिलीच नव्हती. फारूखभाई माझ्याकडे बघत राहिले आणि मग मोठ्यानं हसले. "म्हंजे त्या दोघी बोलल्या का नाय, ते तुम्हालाच ठाव नाय? ये क्या बात हुई सर! दोन वर्षं फिरवलं मला!"

तयार केलेलं वाक्य ओठांवर होतं. तेवढ्यात इंजिनाचा भोंगा वाजला आणि पॅसेंजर फलाटाला लागली. मी चढलो. गाडी हलली तेव्हा ते ओट्यावर उभे राहून हिरवा झेंडा दाखवत होते. मी खिडकीतून हात वर केला. त्यांची नजर आमच्या शेवटच्या डब्याकडे, आमच्या गार्डकडे होती. झेंडा त्याच्यासाठी होता. तसा नियमच आहे.

नऊ दिवस मी घरातून बाहेर पडलो नाही. शेवट लिहिला. शेवटी थोरलीच आधी बोलते. फारूखभाईंनी तिला दोन वर्षं शिव्या घातल्या होत्या, तिची बाजू त्यांना कळावी असं मला वाटलं. मग पहिल्या पानावर माझं नाव घातलं, आधी पेन्सिलीनं, दुसऱ्या दिवशी शाईनं.

वही घेऊन सर्जेरावांकडे गेलो. "धावत्या मालगाडीला एखादी वस्तू देता येते का हो?"

"पूर्वी द्यायचे. टोकनसाठी, म्हंजे पुढं जायच्या परवान्यासाठी, वेताचं कडं असायचं, धावत्या गाडीतून ड्रायव्हर त्यात हात घालून उचलायचा. एक पडलंय स्टोअरात. आता नियमात बसत नाय, पण चढावर गाडी तशीबी रांगतच येते." त्यांनी वही उघडली. "मास्तर, यावर तर तुमचंच नाव हाय!"

"हो."

"आन आम्ही समजायचो, हे गाड्यांचे नंबर लिहितात!"

त्यांनी मागच्या स्टेशनला फोन केला. येणाऱ्या मालगाडीवर गार्ड फारूखभाईच होते. वही कड्याला घट्ट बांधली. मी हात पुढे केला तर त्यांनी कडं मागं ओढलं. "व्हा मागं. तुम्ही पडला तर मला घरी बसवतील. मी धरतो."

मी मागं झालो. चढावरून गाडी येऊ लागली. इंजिन गेलं, टँकरामागून टँकर जाऊ लागले. आता फारूखभाई वही उघडतील, नाव वाचतील, मग माझ्याकडे बघतील. तो चेहरा कसा असेल? राग असेल का, की नुसतं हसू? मला बघवणार नाही असं वाटलं. पाय आपोआप कडुनिंबामागं वळले.

कड्याची फट्कन थाप ऐकू आली. आणि लगेच आवाज, "सर कुठं हायत?"

सर्जेराव झाडाकडे हात दाखवत काहीतरी ओरडले. मी बुंध्याला हात लावून उभा होतो. बाहेर यायला फार तर पाच पावलं लागली असती. ती टाकेपर्यंत शेवटचा डबा वळणाला पोचला होता. ओट्यावर पाठमोरं कुणीतरी खाली वाकून दोरी सोडवत होतं. मग डोंगर आड आला.

सर्जेराव झेंडा गुंडाळत माझ्याकडे आले. "मास्तर, झाडामागं काय करत होता?"

"ऊन लागत होतं," मी म्हणालो.

त्यांनी वर पाहिलं. सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. झेंडा काखेत धरून ते ऑफिसात गेले.