दोन बलकांचं पुडिंग

गिळायला शिकवणाऱ्या डॉक्टर असतात हे मला पन्नाशीला टेकल्यावर कळलं. माझे सासरे रेवणसिद्धप्पा, वय एक्क्याऐंशी. अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात, उजवा पाय, घसा, तिन्ही एकदमच संपावर गेले. पाणी पाजलं की ठसका, भात भरवला की ठसका. गुलबर्ग्याच्या दवाखान्यातल्या त्या पोरसवदा डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं : सगळं खाणं पुडिंगइतकं घट्ट हवं. मी म्हटलं, बाई, आमच्या सात पिढ्यांत पुडिंग कुणी खाल्लं नाही, माप काय धरू? त्या हसल्या. म्हणाल्या, चमचा वाकडा केला तरी पटकन घसरू नये, इतकं.

मग हसणं थांबवून त्यांनी पुढचं सांगितलं. अप्पांचं वजन एकेचाळीस किलो भरलं होतं. तीन आठवड्यांत वाढलं नाही, तर पोटाला भोक पाडून नळी बसवायची आणि खाणं त्यातून सोडायचं.

अप्पांची जीभ जड झाली होती, पण कान शाबूत होते. रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं टेकून ते एवढंच म्हणाले, "नळी घातलासा तर मी पाणी बी सोडतो बघ, शिवगंगा."

आणि ते सोडतील याची मला खात्री होती. तुरीच्या आडतीत साठ वर्षं काढलेला माणूस. बोललेला भाव कधी फिरवला नाही. त्यांचे मित्र भगवानराव नळीवर सात महिने जगले होते. मशीनमध्ये तेल ओतावं तसं त्यांना खाऊ घालताना अप्पांनी पाहिलं होतं. माझा नवरा संगमेश्वर बँकेत, बदली हुबळीला, महिन्यातून एकदा येणार. मी फोनवर सगळं सांगितलं तर म्हणाला, "बघ तू." बाप त्याचा, आणि बघायचं मी!

बघितलं. माझ्या ऑफिसातली विभा ब्राह्मणाघरची, पण तिची मुलं बाहेर शिकली, त्यामुळे तिला असली कौतुकं येतात. तिनं मला पुडिंग शिकवलं. दूध, साखर, कॉर्नफ्लॉवर, चिमूटभर मीठ, शेवटी लोणी आणि व्हॅनिलाचे थेंब. पहिल्या दिवशी गाठी झाल्या. दुसऱ्या दिवशी बुडाला लागलं. तिसऱ्या दिवशी जमलं, पण वर साय धरली. आमच्याकडं सायीवरून भांडणं होतात, आणि इथं तीच अप्पांच्या घशाला चिकटून जीव घ्यायची. म्हणून गार होईपर्यंत पुडिंग ढवळत बसायचं. दिवसातून तीनदा. माझा दंड भरून यायचा.

अप्पांना आवडलं मात्र. पहिला चमचा गिळला, ठसका लागला नाही, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं.

भरवायची एक रीत होती. आम्हा लिंगायतांत गळ्यात लिंग असतं, करडगीत म्हणजे चांदीच्या डबीत. जन्मल्यावर बांधतात आणि माणसाबरोबरच मातीत जातं. अप्पा लिंगाला दाखवल्याशिवाय कधी पाण्याचा घोट घेत नसत. आता उजवा हात निकामी, म्हणून ते डाव्या तळहातावर लिंग घ्यायचे, मी चमचा त्याच्यापुढं धरायची आणि मग तो त्यांच्या तोंडात द्यायची.

आठवडा झाला. वजन चाळीस. वाढायचं सोडून किलोभर उतरलं!

डॉक्टरीणबाईंनी वाटीतलं पुडिंग बघितलं आणि म्हणाल्या, "घट्ट छान झालंय. पण यात ताकद कुठंय?" प्रोटीनची पावडर दिली होती, ती अप्पांना सोसली नाही, पोट बिघडलं आणि होतं ते वजनही उतरलं. बाई म्हणाल्या, "प्रत्येक वेळी दोन अंड्यांचा बलक घाला. खरं पुडिंग तसंच करतात." मी म्हटलं, आम्ही लिंगायत. त्या म्हणाल्या, "मग नळी आहेच." बोलणं सरळ होतं, राग धरावा असं त्यात काही नव्हतं. तरी मला राग आला.

विभाला विचारलं तर ती हळूच म्हणाली, "अगं, मी पोरांना करते ते बलकाचंच. तुला म्हणून बिनअंड्याचं सांगितलं." म्हणजे ब्राह्मणाची बाई अंडं फोडायला शिकवणार आणि लिंगायताची शिकणार. बसवण्णांनी जात मोडायला सांगितली होती, पण ती अशी मोडेल असं त्यांनाही वाटलं नसेल.

अंडी स्टेशनजवळच्या दुकानातून आणली, जिथं मला ओळखणारं कुणी नव्हतं. भांडं वेगळं घेतलं. अंडं फोडताना माझी स्वतःची करडगी पाठीवर सरकवायची, जणू देवाला पाठीमागून दिसत नाही. पहिल्यांदा बलक सरळ उकळत्या दुधात ओतला आणि गाड्यावर मिळते तशी भुर्जी झाली. मग विभानं फोनवर समजावलं : बलक, साखर आणि कॉर्नफ्लॉवर आधी फेटायचं, त्यात गरम दूध पळी-पळीनं सोडायचं आणि मग सगळं मंद आचेवर. काय दिसलं ते! पिवळसर, मऊ, तुकतुकीत. व्हॅनिला दुप्पट घातला, वास झाकावा म्हणून. टरफलं कागदात गुंडाळून पर्समध्ये घालून ऑफिसला न्यायची आणि तिथल्या कचऱ्यात टाकायची.

पहिल्या दिवशी वाटी घेऊन गेले. अप्पांनी डाव्या तळहातावर लिंग घेतलं, डोळे मिटले. मी चमचा पुढं धरला. धरला म्हणजे धरला. मागं घ्यायला पाच-सहा सेकंद होते आणि मी घेतला नाही. मनात म्हणत होते, पाप मला लागो, वजन त्यांना लागो. मग चमचा त्यांच्या तोंडात दिला. अप्पांनी डोळे उघडले, माझ्याकडं पाहिलं आणि गिळलं. वाटी संपवली.

दुसऱ्या दिवशी मी दाखवायला चमचा उचलला तर ते म्हणाले, "राहू दे. मनात केलो."

मला केवढं सुटल्यासारखं वाटलं म्हणून सांगू! बिचाऱ्यांचा डावा हातही थकला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. सोयीचं होतं ना, लगेच पटलं. त्या दिवसापासून मी भरवायची आणि ते मुकाट खायचे. सकाळी, दुपारच्या सुट्टीत घरी येऊन, संध्याकाळी. दिवसाला सहा बलक.

तीन आठवडे भरले त्या दिवशी काटा बेचाळीस किलो दोनशे ग्रॅमवर थांबला. डॉक्टरीणबाई टाळ्या वाजवायच्या तेवढ्या राहिल्या. "नळी नको. अजून महिनाभर असंच चालू ठेवा." मी येताना पेढे घेतले. संगमेश्वरला फोन केला तर म्हणाला, "मी म्हटलं होतं ना, तू बघशील." त्या दिवशी मला त्याचाही राग आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कल्लप्पा आला. अप्पांचं अंग पुसायला, कपडे बदलायला आम्ही त्याला ठेवलाय. बादली घेऊन बाहेर येताना त्यानं विचारलं, "अक्का, अप्पांची करडगी उजळायला दिलासा काय?"

"न्हाई की. कामून?"

"गळ्यात न्हाई. दहा-बारा दिस झालं. मला वाटलं तुम्हीच दिलासा."

बटणं लावलेल्या सदऱ्याच्या आत मी कधी बघणार? सून मी. पण लिंग हरवणं ही काय साधी गोष्ट आहे? आणि दहा-बारा दिवस म्हणजे नेमके अंड्यांचे. देवानं हिशेब केला, असंच मला वाटलं. गादी उचलली, उशा झटकल्या, वॉशिंग मशीनची जाळी काढून पाहिली. खोटं कशाला सांगू, कल्लप्पाच्या पिशवीकडंही नजर गेली, चांदी आहे म्हणून. त्यानं ती नजर पाहिली, पिशवी जमिनीवर उलटी केली आणि सामान परत भरून निघून गेला.

मी पलंगाखाली वाकून शोधत होते, तेव्हा वरून आवाज आला. "कशाला हुडकायलीस? त्या डब्याच्या मागं हाय."

पलंगाला लागून, त्यांच्या डाव्या हाताच्या कोनाड्यात गोळ्यांचा डबा असतो. तो मी रोज तीनदा उघडत होते. बाजूला सरकवला. मागं धुतलेल्या हातरुमालावर करडगी ठेवलेली होती, शिवदाराची, तिच्या दोऱ्याची, नीट घडी करून.

"कुणी काढलं, अप्पा?"

"मीच."

"कामून?"

एकेक शब्द जुळवायला त्यांना वेळ लागत होता. "पहिल्या दिशी तू घास त्याच्यापुढं धरलीस. मग माझ्या तोंडात दिलीस. जिभंवर आल्याबरोबर कळालं. साठ वर्सं डाळ दातात धरून भाव केलोय. मला अंडं कळंना व्हय?"

मी विचारलं, "मग थुकून कामून न्हाई टाकलासा?"

"नळीला भ्यालो." मग त्यांनीच ते दुरुस्त केलं. "मराया भ्यालो गं. एक्क्याऐंशी झालं, तरी भ्यालो. खाल्ल्याबिगर राहवंना. मग म्हटलं, खायचं तर मी खातो. त्याला कामून दाखवू?"

मी त्यांचे पाय धरले आणि रडले. मी त्यांना फसवत होते, अशी माझी समजूत होती. चोरून करण्यात एक प्रकारची ऐटसुद्धा आली होती, की सगळं ओझं मी एकटी वाहते आहे. आणि हा माणूस माझ्यासमोर रोज तीनदा गळा मोकळा ठेवून खात होता. करडगी उचलून मी त्यांच्या गळ्यात बांधायला गेले. अप्पांनी डावा हात आडवा घातला.

"एकदा काढल्यालं बांधाया स्वामींना बोलवावं लागतंय. बोलावलं की कारण इचारतील."

"मी सांगते कारण. माझी चूक हाय."

"खाल्लो कोण?"

करडगी परत हातरुमालावर ठेवली. डोळे पुसून म्हटलं, "अप्पा, आजपासून अंडं घालत न्हाई. निस्त्या दुधाचं करते, पहिल्यासारखं. मग बांधून घेऊ."

अप्पांनी व्हय म्हणावं, असं मला फार वाटत होतं. ते व्हय म्हणाले असते तर माझी सुटका झाली असती.

"वजन उतरंल?" त्यांनी विचारलं.

एवढे दोन आठवडे खोटं वागले, पण तेव्हा खोटं बोलता आलं नाही. "उतरंल, अप्पा."

"आन मग नळी."

"व्हय."

स्वयंपाकघरात दूध तापत ठेवलेलं होतं, ते आता वर येणार हे कळत होतं, पण मी जागची हलले नाही. अप्पांनी मान कोनाड्याच्या दिशेनं वळवली.

"घाल," ते म्हणाले. "पर आधी तो डबा त्याच्यापुढं सार. खाताना दिसायलंय."